पेन्शन नामंजूर झाली, म्हणजे नवरा खोटा ठरला का?

(पत्र सहा पानांचं आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून इथे थोडक्यात दिलं आहे.)

मराठवाड्यातल्या एका खेड्यातून सत्तेचाळीस वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. यजमान १९९४ साली फौजेत भरती झाले, १९९८ ला लग्न झालं. २००० साली जम्मू-काश्मीरमध्ये ड्यूटीवर असताना त्यांना पहिली फिट आली. मिलिटरी हॉस्पिटलच्या वाऱ्या झाल्या, मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि २००२ मध्ये २० टक्के अपंगत्व लिहून त्यांना बोर्डआऊट केलं, म्हणजे मेडिकल बोर्डाच्या शेऱ्यावरून नोकरीतून बाहेर काढलं. नोकरी आठच वर्षांची, म्हणून साधी पेन्शन नाही. आजार नोकरीमुळे झालेला नाही, म्हणून अपंगत्वाचीही नाही. ग्रॅच्युइटीचे जे थोडे पैसे आले ते कर्जात गेले. अपील त्यांनी केलं नाही. २०१८ मध्ये विहिरीवर मोटार चालू करायला गेले असताना फिट येऊन पाण्यात पडले आणि गेले.

ताई शाळेत खिचडी शिजवतात, सुगीत सोयाबीन काढायला जातात, संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार येतात. २०२३ मध्ये कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी पेन्शनसाठी अर्ज केला. जवानांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं: दावा नामंजूर. तेव्हापासून ते पत्र पेटीत आहे. आता एक एजंट म्हणतो, आधी पंचवीस हजार द्या, मिळेल त्यातले चाळीस टक्के माझे. तालुक्याचे वकील म्हणतात, थेट संभाजीनगरच्या खंडपीठात रिट टाकू. दीर म्हणतात, मेलेल्या माणसाची फाईल उकरू नको, विहिरीची कुजबुज पुन्हा सुरू होईल. मुलगा अग्निवीरची तयारी करतोय, त्याला आपली भरती अडेल अशी भीती. आणि नणंदेनं सांगितलेली एक गोष्ट ताईंना झोपू देत नाही: यजमान तीनेक वर्षांचे असताना त्यांना तापात एकदा झटके आले होते. ‘म्हणजे त्यांनी भरतीच्या टायमाला लपवलं का? सरकारचंच खरं असंल तर मी कोणत्या तोंडानं भांडू?’ असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

तुमच्या सहा पानांत पेन्शनबद्दल जेमतेम एक पान आहे. उरलेली पाच पानं यजमान खरे होते की खोटे, याच्याभोवती फिरतात. म्हणून आधी तेच घेऊ, पैशाचं नंतर.

रेकॉर्ड ऑफिसच्या पत्राची झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. ज्यानं तुम्हाला ते इंग्रजी पत्र वाचून दाखवलं, त्यानं ‘आजार घरचाच होता असं लिवलंय’ असं सांगितलं. पत्रात तसं नाही. त्यात दोनच गोष्टी आहेत. एक, २००२ च्या मेडिकल बोर्डानं आजार ‘नायदर अट्रिब्युटेबल टू नॉर ॲग्रॅव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस’ ठरवला होता, म्हणजे तो नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. दोन, अपिलाची मुदत संपली आहे. यजमानांनी काही लपवलं, खोटं सांगितलं, असा एक शब्दही त्या पानावर नाही. आजार नोकरीमुळे नाही, हे बोर्डानं कशावरून ठरवलं, तेही नाही.

हे कारण न देणं तुम्हाला किरकोळ वाटेल, पण तुमच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट तीच असू शकते. यजमान घरी आले तेव्हा अशा प्रकरणांना १९८२ चे नियम लागू होते. त्यांचा गाभा सांगते. भरतीच्या वेळी डॉक्टर जवानाला नखशिखांत तपासतात. त्या वेळच्या कागदावर कसल्या आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असं धरून चालायचं. पुढे आजारपणामुळेच त्याला बाहेर काढलं, तर तब्येत नोकरीत बिघडली असं मानायचं. तसं नाही असं फौजेचं म्हणणं असेल, तर ते फौजेनं दाखवून द्यायचं, जवानानं नाही. आणि ‘भरतीच्या तपासणीत हा आजार सापडण्यासारखाच नव्हता’ असं डॉक्टरांचं मत असेल, तर ते मत कशावरून बनलं हे त्यांनी लिहायला हवं.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. सिग्नल्स कोअरमधले धरमवीर सिंग १९८५ ला भरती झाले, १९९४ ला बोर्डआऊट झाले. आजार फिटचा, अपंगत्व २० टक्के, शेरा तोच. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भरतीच्या वेळी नोंद नाही, बोर्डानं कारणं दिलेली नाहीत, मग जवानाला दोष कसा देता, असा त्या निकालाचा रोख होता. अशा प्रकरणांत बहुतेक वकील आजही पहिल्यांदा हाच निकाल पुढे ठेवतात. एप्रिल २०२५ मध्ये बिजेंदर सिंग या जवानाच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयानं हीच वाट धरली. आजार फिटचाच होता, नोकरी सियाचिनमध्येही झालेली होती.

पण नाण्याची दुसरी बाजू लपवली तर मी तुमच्या एजंटाच्या पंक्तीला बसेन. २०२२ मध्ये मुनुसामी या जवानाच्या प्रकरणात त्याच सर्वोच्च न्यायालयानं मेडिकल बोर्डाच्या मताला मान दिला आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणानं (फौजेच्या नोकरीचे आणि पेन्शनचे वाद ऐकणाऱ्या कोर्टानं) दिलेली पेन्शन काढून घेतली. आजार तिथेही झटक्यांचाच होता. म्हणजे ‘फिट म्हटलं की पेन्शन’ असा सरळ हिशोब नाही. तुमच्या यजमानांच्या बोर्डाच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय, त्यावर सगळं अवलंबून आहे. आणि तो कागद तुम्ही अजून पाहिलेलाच नाही! नामंजुरीचं पत्र पाहिलंत, पण ती नामंजुरी ज्याच्यावर उभी आहे तो कागद तुमच्याकडे नाही. आधी तो मिळवायचा. वकील, एजंट, कोर्ट सगळं त्याच्यानंतर.

आता नणंदेच्या गोष्टीकडे येते. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात झटके येणं ही बालरोगतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे. अशा बहुतेक मुलांना पुढे आयुष्यात फिटचा आजार होत नाही. तीन वर्षांच्या पोराला तापात एकदा झटका आला, आणि तो पोरगा मोठा होऊन भरतीच्या रांगेत उभा राहिला, तेव्हा त्याला ते आठवत तरी असेल का? जे माहीतच नाही ते लपवणार कसं? माझ्या समजुतीनं तुमच्या यजमानांनी काही लपवलेलं नाही. तरी नणंदेशी एकदा निवांत बसून बोला. किती वर्षांचे होते, ताप होता का, एकदाच झालं की पुन्हा पुन्हा, शाळेत असताना कधी झालं का, दवाखान्यात नेलं होतं की देवऋष्याकडे. फेफरं म्हटलं की आपल्याकडे अजून लिंबू उतरवतात, कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरतात, आणि मग चाळीस वर्षांनी आठवणींत भर पडत जाते. उत्तरं ऐकून घ्या, लिहून ठेवा, आणि वकिलाला सगळं सांगा. जिल्हा रुग्णालयातल्या मेंदूच्या किंवा निदान मेडिसिनच्या डॉक्टरांनाही विचारा.

एक पथ्य मात्र पाळा. प्रतिज्ञापत्रावर ‘यांना लहानपणी कधीही झटके आले नव्हते’ असं वाक्य कुणी घालत असेल तर सही करू नका. त्या वाक्याची गरजच नाही. ‘भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कोणत्याही आजाराची नोंद नव्हती’ हे पुरेसं आहे, आणि कागद तसा निघाला तर खरंही आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी वारंवार फिट येत होत्या आणि घरानं ते दाबून भरतीला पाठवलं, असं नणंदेच्या बोलण्यातून निघालं, तर मात्र थांबा. मग माझाही सल्ला वेगळा असेल.

‘सरकारचंच खरं असंल तर’ या तुमच्या वाक्यावर मी जरा अडले. सरकार म्हणजे इथे कोण? २००२ साली एका मिलिटरी हॉस्पिटलात बसलेले दोन-तीन डॉक्टर, त्यांनी भरलेला एक फॉर्म, आणि वीस वर्षांनी त्या फॉर्मवरून पत्र टाईप करणारा एक कारकून. यातलं कुणी वाईट होतं असं मला म्हणायचं नाही. पण फेरतपासणीची सोय कायद्यानं ठेवली आहे ती अशा मतांसाठीच. त्या फेरतपासणीत तुमच्या यजमानांची चौकशी होत नाही. बोर्डानं नियम पाळला का, कारण दिलं का, हाताशी असलेल्या कागदांवरून त्या निष्कर्षाला येता येतं का, एवढंच बघितलं जातं. तुम्ही सरकारवर खटला भरताय असं गावात म्हणतील. खरं तर तुम्ही सरकारच्याच एका दाराने आत जाऊन त्याचंच दुसरं मत मागताय.

आणि गावाचं म्हणाल तर, मला एक गोष्ट कायम खटकते. वीरमरण आलं की गाव वेशीवर कमान उभारतं, सव्वीस जानेवारीला वीरपत्नीला पहिल्या रांगेत खुर्ची देतं. तोच जवान फिट घेऊन घरी आला की ‘पळून आला असंल’, ‘पीत असंल’ म्हणतं. तुमच्या पत्रात सोळा वर्षांचं असं ऐकणं आहे. ते कुठलंही कोर्ट भरून देणार नाही, ताई. पण त्या बोलण्याला तुम्ही सरकारी निकाल समजू लागला आहात, आणि त्याला मात्र माझा आक्षेप आहे.

आता मुदतीचं. पत्रात लिहिलंय अपिलाची वेळ गेली, म्हणून तुम्ही पत्र पेटीत ठेवलंत. २००७ च्या सशस्त्र दल न्यायाधिकरण कायद्यात अंतिम निर्णयापासून सहा महिन्यांत अर्ज करावा असं आहे, हे खरं. पण उशीर माफ करण्याचा अधिकारही त्याच कायद्यानं न्यायाधिकरणाला दिला आहे. त्यासाठी वेगळा अर्ज जोडावा लागतो आणि उशिराचं कारण प्रामाणिकपणे सांगावं लागतं. इंग्रजी पत्र, वाचणारं कुणी नाही, नवऱ्याचा मृत्यू, मजुरी हीच तुमची कारणं आहेत आणि ती खरी आहेत. त्यात भर घालायला जाऊ नका. शिवाय पेन्शन दर महिन्याची असते, त्यामुळे ती न मिळण्याचा अन्यायही दर महिन्याला नव्यानं होतो असं न्यायालयं मानतात. तरसेम सिंग नावाच्या जवानाला १९८३ मध्ये बाहेर काढलं, ते कोर्टात गेले १९९९ मध्ये. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इतक्या उशिरामुळे हक्क बुडत नाही, पण थकबाकी मात्र अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळेल.

या निकालाचा तुमच्यापुरता अर्थ जरा कडू आहे. २००२ ते २०१८ या काळात यजमानांना जी अपंगत्वाची पेन्शन मिळायला हवी होती, ती बहुधा हाती लागणार नाही. तुमची लढाई त्यांच्या पश्चात तुम्हाला मिळायच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची आहे. आणि दुसरा अर्थ असा की, तुम्ही अर्ज जितका लांबवाल तितके एकेक महिने मागच्या बाजूनं गळत जातील.

त्याहून घाईची गोष्ट वेगळीच आहे. पेन्शन न मिळालेल्या जवानाची कागदपत्रं रेकॉर्ड ऑफिस कायमची ठेवत नाही. साधारण पंचवीस वर्षांनी ती नष्ट केली जातात. २००२ मध्ये पंचवीस मिळवा. २०२७. कोर्टात जायचं की नाही हे तुम्ही दिवाळीनंतर ठरवा, हवं तर पुढच्या वर्षी ठरवा, पण कागद या महिन्यातच मागवा. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, पत्ता रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याचा. यजमान कुठल्या रेजिमेंटचे हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण डिस्चार्ज बुकावर असेलच. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. अर्जात आर्मी नंबर, हुद्दा, नाव, बाहेर पडल्याची तारीख आणि तुम्ही कोण हे लिहा, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडा. मागायचं काय, तर भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, बोर्डआऊट करतानाची मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही (त्या फॉर्मला एएफएमएसएफ-१६ म्हणतात), हॉस्पिटलची कागदपत्रं, कुठे कुठे पोस्टिंग झालं त्याची नोंद, पेन्शनचा दावा फेटाळल्याचं मूळ पत्र, आणि लग्नाची व मुलांची नोंद झालेला पार्ट-टू ऑर्डर. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती पेटीत त्याच पत्राशेजारी ठेवा.

घरातले कागदही एकदा खाली काढा. डिस्चार्ज बुक, मिलिटरी हॉस्पिटलच्या चिठ्ठ्या, नंतर तालुक्याला घेतलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, लग्नाचा पुरावा. तुमचं नाव सगळीकडे एकसारखं आहे का, ते नीट बघा. आपल्याकडे आधारवर ‘बाई’ लागलेलं असतं, फौजेच्या पुस्तकात नसतं, रेशनकार्डावर माहेरचं नाव असतं, आणि केस जिंकूनही पैसे तेवढ्यासाठी अडतात. फरक असेल तर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

जायचं कुठे? तालुक्याचे वकील संभाजीनगरचं खंडपीठ म्हणतात. भला माणूस असावा, पण हे काम त्यांच्या नेहमीचं दिसत नाही. फौजेच्या नोकरीचे आणि पेन्शनचे वाद आधी सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे जातात आणि महाराष्ट्रासाठी त्याचं पीठ मुंबईत आहे. दिल्लीला जावं लागेल ही भीती नको. नोकरीतून बाहेर पडलेल्यांना राहत्या ठिकाणच्या पीठापुढे अर्ज करता येतो. थेट उच्च न्यायालयात गेलात तर ‘आधी तिकडे जा’ असंच ऐकायला मिळण्याची शक्यता मोठी, आणि तोवर महिने जातील. प्रत्येक तारखेला तुम्ही हजर असलंच पाहिजे असं नाही, वकील काम बघतो. एखाद्या वेळी गेलातच, तर लातूरहून रात्रीच्या गाडीनं किंवा नांदेड-परभणीकडून देवगिरीनं जाऊन काम उरकून परत येता येतं.

न्यायाधिकरणानंही नाही म्हटलं तर? काही वर्षं अशी गेली की पुढे फक्त सर्वोच्च न्यायालय, तेही अवघड अटींवर, अशी समजूत होती. मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येतं. तेव्हा वकिलांचं रिट पूर्णपणे चुकीचं नाही, पायरी चुकली आहे. एवढं लक्षात ठेवा की उच्च न्यायालय तिथे सगळा पुरावा नव्यानं तोलत बसत नाही. कायदा चुकला का, महत्त्वाचा कागद नजरेआड झाला का, निष्कर्ष अगदीच निराधार आहे का, हे बघतं. म्हणून न्यायाधिकरणापुढे जो कागद ठेवला नाही, त्याच्या नावानं पुढे रडण्यात अर्थ नसतो. आणि हे दार सरकारलाही उघडं आहे. तुम्ही जिंकलात तरी ते पुढे जाऊ शकतात. निकालाच्या दिवशी पेढे वाटा, पण घर बांधायला काढू नका.

पेन्शन मिळालीच तर किती? साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, पण सध्या महिन्याला ९,००० रुपयांपेक्षा कमी नाही, वर महागाई सवलत. मृत्यू नोकरीमुळे झालेल्या आजारानंच झाला हे मान्य झालं, तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, ते ६० टक्के. दोन्ही मागण्या अर्जात येऊ शकतात, पण दुसरी सिद्ध करणं पुष्कळ अवघड आहे आणि तिथेच विहिरीचा विषय निघतो. त्यावर लगेच येते.

आधी एजंट. किमान आकडा धरला तरी तीन वर्षांची थकबाकी ३ लाख २४ हजार होते, महागाई सवलत सोडून. त्याचे चाळीस टक्के म्हणजे १ लाख २९ हजार ६००. आणि वर आधीचे पंचवीस हजार, हरलात तरी गेलेले. वकिलानं निकालावर टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांच्या आचारनियमांतच बसत नाही, आणि हा माणूस तर वकीलही नाही. त्याच्याकडे मूळ कागद दिले असतील तर उद्याच जाऊन परत आणा. एकट्या जाऊ नका, मुलाला घेऊन जा.

तुम्हाला वकिलासाठी पैसे लागायलाच नकोत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाचा दाखला न मागता. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. जुलै २०२५ पासून सैनिकांच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची वीर परिवार सहायता योजना सुरू झाली आहे, त्यामुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. तिथे मागे ‘तुम्ही पेन्शनर नाही’ म्हणून तुम्हाला परत पाठवलं होतं, ते तुम्ही लिहिलंय. या वेळी योजनेचं नाव घेऊन जा आणि अर्ज लेखी द्या. तोंडी विचारलं की तोंडी नकार मिळतो. प्राधिकरणाला वकील मागताना एक गोष्ट आवर्जून सांगा: न्यायाधिकरणात काम केलेला वकील हवा. मोफत मिळतंय म्हणून कुणीही चालेल असं करू नका.

दिरांबद्दल मी फार कडक बोलणार नाही. भावाच्या मरणावर गावानं काय काय म्हटलं ते त्यांनीही ऐकलंय. आपल्या भागात विहिरीत माणूस सापडला की पहिला संशय कशाचा घेतात, हे काही सांगायला नको. पण अकस्मात मृत्यूची नोंद पोलिस ठाण्यात झालेली असणार, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल असणार. त्या कागदांत काय लिहिलंय ते दिरांनी तरी वाचलंय का? तुम्ही वाचलंय का? त्यांच्या नकला मागवा. त्यात फिटच्या आजाराचा उल्लेख असेल तर कुजबुजीला आयतं उत्तर मिळेल आणि विशेष पेन्शनची मागणीही उभी राहील. उल्लेख नसेल किंवा मजकूर अडचणीचा असेल, तर वकिलाशी बोलून फक्त साध्या कुटुंब निवृत्तिवेतनापुरती मागणी ठेवता येईल. त्या मागणीचा भर २००२ च्या बोर्डावर असतो, विहिरीवर नाही. दिरांना हे असंच सांगून बघा. शक्य असेल तर पोलिस ठाण्यात त्यांनाच सोबत न्या.

मुलाची भीती चुकीच्या जागी आहे. आईनं पेन्शनसाठी न्यायाधिकरणात अर्ज केला म्हणून पोराची भरती अडवणारा नियम नाही. पोलिस पडताळणीत त्याच्या स्वतःवर गुन्हे आहेत का ते बघतात. त्यानं फक्त एवढं करावं, भरतीच्या वैद्यकीय तपासणीत जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यावं. वडिलांच्या आजाराबद्दल विचारलं तर तेही. आज जे कागदावर येतं ते वीस वर्षांनी कामाला येतं, हे तुमच्या घराइतकं कुणाला ठाऊक असणार.

संजय गांधीचे दीड हजार नुसत्या अर्जामुळे बंद होत नाहीत. पेन्शन खरोखर सुरू झाली तर उत्पन्नाच्या अटीमुळे जातील, पण तेव्हा त्यांची उणीव भासणार नाही. शिवाय कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं की ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, उपचारांची वाटही खुली होते. वय वाढेल तसं तिचं मोल कळेल.

आणि समजा तुम्ही ठरवलंत की काहीच करायचं नाही? तोही मार्ग आहे, आणि तो निवडलात म्हणून कुणी तुम्हाला भित्री म्हणू नये. दिवसाची मजुरी बुडवून हेलपाटे घालणं काय असतं ते इथे बसून लिहिणाऱ्या माझ्यासारखीनं शिकवू नये. बोर्डाचे कागद आले, जाणकार वकिलानं ते वाचले आणि ‘यात दम नाही’ म्हटलं, तर मीसुद्धा थांबा म्हणेन. कागदांत भरतीच्या वेळची स्वच्छ तपासणी आणि बोर्डाचा विनाकारण शेरा असेल, तर मात्र जा असं म्हणेन. मधली एक पायरीही आहे: कागद हाती आल्यावर धरमवीर सिंग निकालाचा हवाला देऊन रेकॉर्ड ऑफिसकडे उशिराचं अपील करणं. त्याचा खर्च टपालाचा. उत्तर बहुतेक वेळा नकारच येतं, पण न्यायाधिकरणात ‘आधी आमच्याकडे आल्या नाहीत’ असं म्हणायला जागा राहत नाही. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तरी पुढचा रस्ता मोकळा होतो. कागद चांगले निघाले तर मी तुमच्या जागी असते तर हेच आधी केलं असतं, आणि त्याच वेळी विधी सेवा प्राधिकरणाकडे वकिलाचा अर्ज टाकला असता.

अशाच परिस्थितीतल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. नामंजुरीची सगळी पत्रं एका जातीची नसतात. कुणाचा दावा आजाराच्या कारणावरून जातो, कुणाचा नोकरी कमी म्हणून, कुणाचा नुसतं लग्नाची नोंद फौजेच्या कागदावर नाही म्हणून. तिसऱ्या प्रकारात बरेचदा कोर्टाचं कामच पडत नाही. लग्नाचा पुरावा, ग्रामपंचायतीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत नोंद करून घेता येते. तेव्हा ताईंचं उत्तर वाचून सगळ्यांनी मुंबईची गाडी धरू नये. दुसरं, २०२३ मध्ये अपंगत्व पेन्शनचे नवे नियम आले आणि ते जास्त कडक आहेत, अशी चर्चा माजी सैनिकांत चालते. ती खोटी नाही. पण ते नियम सप्टेंबर २०२३ पासूनचे. ज्यांचा माणूस त्याआधी घरी आला, त्यांनी त्या चर्चेनं हातपाय गाळायचं कारण नाही.

ताई, माहिती अधिकाराच्या अर्जाचा मजकूर मराठीत लिहून तुमच्या पत्त्यावर वेगळा पाठवते आहे. रेकॉर्ड ऑफिस राज्याबाहेर असेल तर तो हिंदीत द्यावा लागेल, मुलगा करून देईल. यजमानांचा आर्मी नंबर मी मुद्दाम कोरा ठेवला आहे, तो डिस्चार्ज बुकावरून तुम्ही स्वतः भरा. बोर्डाचे कागद आले की मूळ प्रत कुणालाही देऊ नका, मलासुद्धा झेरॉक्सच पाठवा.